जुन्या संगणकाची जाग

बटण दाबल्यावर संगणक जागा कसा होतो, हे तुम्हांला ठाऊक आहे का? जुना संगणक आधी स्वतःचे भाग तपासतो. मग डिस्कचा पहिला कप्पा वाचतो. हा कप्पा असतो अवघा 512 बाइटचा! त्यातील 446 बाइटमध्ये 'बूटलोडर' नावाच्या प्रोग्रामची सुरुवात असते. ती बूटलोडरच्या उरलेल्या भागाला हाक मारते आणि तो भाग लिनक्सला उठवतो.

लिनक्स ही संगणक चालवणारी प्रणाली. फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने 1991 साली तिचा गाभा लिहिला. ती विनामूल्य मिळते. सांगलीच्या वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयात तर विद्यार्थ्यांचा लिनक्स गटच आहे.

सांगलीला माझ्या चुलतभावाने दोन जुने संगणक भंगारात काढले होते. ते मी साताऱ्याला आणले. इतक्या जुन्या यंत्राला सुरू होताना डिस्कचा सुरुवातीचा भागच वाचता येतो. म्हणून मी तेथेच छोटा विभाग करून लिनक्सचा गाभा ठेवला, नंतर बूटलोडर बसवला. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरे सरसर धावू लागली!

आज माझ्या वर्गातील मुली त्याच संगणकांवर उर्दू उजवीकडून आणि मराठी डावीकडून लिहितात. बहुतेकींच्या घरी संगणक नाही. भंगारात गेले असते, तर त्यांचे शिकणेही थांबले असते.

मित्रांनो, कोणतीही वस्तू निकामी ठरवण्यापूर्वी ती कशी चालते, हे एकदा समजून घ्या.