थंडीची वाट

शिकारीचा नाद मला कधींच नव्हता. आयुष्यांत मीं बंदूक हातीं धरली नाहीं, पुढेंही धरीन असें वाटत नाहीं. तरी चार वर्षांपूर्वींच्या डिसेंबरांत, अमेरिकेच्या आर्कान्सा राज्यांत पुतण्याकडे राहिलों असतां, त्याच्या शेजारच्या एका वृद्ध भातशेतकऱ्याबरोबर मी बदकांच्या शिकारीला गेलों खरा! स्टटगार्टजवळ त्यांचें रान होतें. स्टटगार्ट म्हणजे भाताचें आणि बदकांचें गांव. १९३६ सालापासून तेथें बदकाची हुबेहूब हांक काढण्याची स्पर्धा भरत आली आहे.

पहांटे ओकच्या झाडींत गुडघाभर पाण्यांत आम्ही उभे राहिलों. बरोबर त्यांचा नातूही होता. उजाडलें. आकाश निरभ्र, हवा उबदार, कानाशीं डांस; बदक मात्र एकही नाहीं. म्हातारा पुनःपुन्हा उत्तरेकडे पाही. "अजून वर थंडी पडली नाहीं, प्रोफेसरसाहेब," तो म्हणाला.

मला मौज वाटली. उभें राहायचें येथें आणि वाट पाहायची कॅनडांतल्या थंडीची! परततांना त्यानें सारें उलगडून सांगितलें. कॅनडाच्या आणि डाकोटाच्या माळांवरील तळ्यांत हीं बदकें जन्मतात. हिरव्या डोक्याच्या मॅलार्डला नुसत्या गारठ्याचें भय नसतें. तळीं गोठलीं, शेतांत सांडलेले दाणे हिमाखालीं गेले, कीं पोटासाठीं तो दक्षिणेची वाट धरतो. मिसूरींतच पाणी मोकळें असेल, तर त्यानें पुढें यावें कशाला? उलट थंडी फार कडक पडली, तर आर्कान्साचेंही पाणी गोठतें आणि थवे लुइझियानाकडे निघून जातात. पावसाचीही तीच तऱ्हा. तो न आला तर नदीकांठचें रान कोरडें. फार आला तर पाणी चहूंकडे पसरून बदकें विखुरतात. आणि हंगाम अवघा ६० दिवसांचा!

हवेची कृपादेखील जीवघेणी असते. ११ नोव्हेंबर १९४० रोजीं उत्तरेस मिनेसोटांत, मिसिसिपीच्या कांठीं, उबदार सकाळीं निघालेले शिकारी वादळापुढें पळणाऱ्या थव्यांना भुलून बसून राहिले आणि हिमवादळांत सांपडले. त्यांतले कित्येक जागींच गोठून मेले.

"नातू नाताळच्या सुटींतच येतो," शेवटीं म्हातारा म्हणाला. "तीन वर्षें रिकामें आकाश पाहून परत जातो आहे. आणखी किती वर्षें येईल?"

माझी मौज तेथेंच संपली. आमची जिराईत शेती होती. मृग लागला कीं वडील अंगणांत उभे राहून आभाळाकडे पाहत. मी शिकायला पुण्यास गेलेला. सुटींत घरीं आलों कीं त्यांच्याजवळ उभा राही. ते म्हणत, "येईल उद्यां." पुढें सुटींतही पुण्यासच राहूं लागलों. अभ्यासाचें निमित्त होतें. खरें म्हणजे त्या रिकाम्या आभाळाचा मला कंटाळा आला होता. पाऊस पुढें आला. तो पाहायला वडिलांजवळ मी नव्हतों.

बदकें जिवंतच बरीं, असें मानणारा मी. पण त्या रात्रीं जेवतांना मीं पुतण्याला हळूच विचारलें,

"काय रे, कॅनडांत आज थंडी कितपत आहे?"