मॉरिशसांतील पहिले चार महिने

गेल्या वैशाखांत आम्ही सपत्नीक मॉरिशस बेटांत येऊन पोंचलों. येथील मराठी मुलांस दोन वर्षें मराठी शिकवावें, असें निमंत्रण आलें. चाळीस वर्षें वर्गावर काढलेल्या माणसास घरीं रिकामें बसणें जड जात होतें. म्हणून साठी उलटल्यावर आम्हीं प्रथमच समुद्र ओलांडला. मुंबईहून विमानानें सुमारें सहा तासांचा प्रवास, आणि घड्याळ दीड तास मागें घ्यावयाचें. एवढ्यानें परदेश आला, असें वाटेना.

तो आला दुसऱ्या दिवशीं सकाळीं. स्नान करून देवांपुढें बसलों, हातावर पाणी घेतलें, आणि संकल्पांत जीभ अडखळली. भरतखंड, दंडकारण्य, गोदावरीचा दक्षिण तीर हा आमचा पत्ता मुंजीपासून तोंडांत बसलेला. येथें कोठली गोदावरी आणि कोठलें दंडकारण्य? देवापुढें खोटा पत्ता द्यावयाचा, कीं मुकाट्यानें पाणी सोडावयाचें? त्या दिवशीं आम्हीं मुकाट्यानें पाणी सोडलें.

स्थळाचें असें झालें, तर काळाचेंहि तेंच. हें बेट विषुववृत्ताच्या दक्षिणेस सुमारें वीस अंशांवर आहे. मध्याह्नीं सूर्य उत्तरेकडे दिसतो आणि आपली सांवली दक्षिणेकडे पडते. ज्येष्ठ लागला तेव्हां पंचांग ग्रीष्म ऋतु सांगत होतें, आणि आम्ही शाल पांघरून बसलों होतों. उत्तरायणांत सूर्य आपल्याकडे येतो, म्हणजेच येथून दूर जातो, हें भूगोलांत आम्हींच मुलांस शंभरदां शिकविलें असेल. परंतु अंगावर कांटा आल्यावर तें आम्हांस खरें समजलें. रात्रीं अंगणांत गेलों, तों ध्रुव नाहीं. लग्नांत नववधूस जो अढळ म्हणून दाखवावयाचा, तो क्षितिजाखालीं बुडालेला! उलट, आपल्याकडे दक्षिणेस कसाबसा डोकें वर काढणारा त्रिशंकु येथें ऐन आकाशांत चढलेला होता. ना स्वर्गांत ना पृथ्वीवर, अशा त्या राजाकडे पाहून आम्हांस आमचीच स्थिति आठवली.

आमच्या सौभाग्यवतींचें मात्र लौकर जमलें. बाजारांत कोथिंबिरीस 'कोतोमिली' व वांग्यास 'ब्रेंझेल' म्हणतात, हें पहिल्याच आठवड्यांत त्या शिकल्या. येथें रस्तोरस्तीं डाळ भरलेली पातळ पोळी रश्शाबरोबर देतात. तिला त्यांनीं 'गूळ विसरलेली पुरणपोळी' असें नांव ठेविलें. लोकांची बोली क्रेओल, म्हणजे फ्रेंच शब्दांवर उभी राहिलेली. 1810 सालीं इंग्रजांनीं हें बेट फ्रेंचांपासून जिंकलें. तथापि फ्रेंच भाषा कांहीं हटली नाहीं. सकाळीं शेजारी 'कि मान्येर?' म्हणून खुशाली विचारतात, तेव्हां आम्ही अजून हंसून वेळ मारून नेतों.

आमचा वर्ग चौदा मुलांचा. नांवें ऐकून गंमत वाटली. मजूर म्हणून आलेल्या पूर्वजाचें नुसतें नांवच पुढें कित्येकांचें आडनांव होऊन बसलें आहे. घरीं बहुतेक सारीं क्रेओल बोलतात, आणि त्या बोलींत नामास लिंग नाहीं. त्यामुळें 'माझा आई', 'माझा पुस्तक' असें सर्रास चालतें. एका मुलानें विचारलें, "गुरुजी, वही बाई आणि पुस्तक ना बाई ना बुवा, असें कां?" चाळीस वर्षांत हा प्रश्न आम्हांस कोणी विचारला नव्हता, आणि आमच्यापाशीं उत्तरहि नव्हतें.

वर्गाच्या वाटेवर उसाच्या शेतांत काळ्या दगडांच्या मोठमोठ्या राशी रचलेल्या दिसतात. दगड पाहून आम्ही थबकलों. तो आमच्या सह्याद्रीचाच फत्तर! पुढें वाचनांत आलें कीं, भूगर्भांतील ज्या तप्त स्थानावरील लाव्ह्यानें सुमारें 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीं आपलें दख्खनचें पठार घडविलें, त्याच स्थानानें फार मागाहून हें बेट वर काढलें. तें स्थान आतां शेजारच्या रियुनियन बेटाखालीं धुमसत आहे. म्हणजे आकाश परकें असलें तरी पायांखालचा दगड नात्यांतला निघाला.

तो दगड हातांनीं उपसून शेतें मोकळीं करणारे कोण, हें पोर्ट लुई बंदरावरच्या आप्रवासी घाटावर गेल्याशिवाय कळत नाहीं. येथें 1835 सालीं गुलामगिरी बंद झाली. उसाच्या मळ्यांस मजूर हवे होते. म्हणून 1834 पासून 1920 पर्यंत हिंदुस्थानांतून साडेचार लाखांहून अधिक माणसें करारानें आणिलीं. बहुतेक बिहारकडील, परंतु मुंबई बंदरांतून आलेल्यांत आमच्या कोंकणांतले पुष्कळ होते. घाटाच्या सोळा दगडी पायऱ्या शिल्लक आहेत. त्या चढतांना मनांत आलें कीं, हीं माणसें जेव्हां पोटासाठीं समुद्र ओलांडीत होतीं, तेव्हां आमच्यासारख्यांच्या घरांतून समुद्रगमन हें पाप असून त्यास प्रायश्चित्त हवें, असा काथ्याकूट चालला होता. त्यांस कोणी पंचांग दिलें नाहीं, कोणी भटजी बरोबर दिला नाहीं. आणि आतां त्यांच्या पणतवंडांस शुद्ध मराठी शिकवावयास आम्ही विमानानें आलों होतों! शेवटची पायरी चढून आम्ही कांहीं वेळ तेथेंच बसलों.

भाद्रपदांत गणेशचतुर्थी आली. त्या दिवशीं येथें सरकारी सुटी असते. एका विद्यार्थ्याच्या घरीं बोलावणें होतें. त्याची पणजी ऐंशीच्या पुढची. तिचें मराठी रत्नागिरीच्या वळणाचें, मधूनमधून क्रेओल शब्द पेरलेलें. पूजा सांगावयास आम्हांस बसविलें. पुनः संकल्प आला आणि पुनः आम्ही थांबलों. म्हातारीनें विचारलें, "काय झालं, गुरुजी?" आम्हीं अडचण सांगितली. ती म्हणाली, "तुम्ही बसलांत ती जागा सांगा ना. देवाला मग शोधाया नको."

आम्हीं ती जागा सांगितली. हिंदी महासागरांतील मॉरिशस नामक द्वीप, असें संस्कृतांत जुळवून म्हटलें, आणि हातावरचें पाणी सोडलें. त्या घरांतील चार पिढ्या येथेंच जन्मल्या आणि येथेंच मातीस मिळाल्या. तो पत्ता खोटा कसा म्हणावा?

आतां रोज सकाळीं तोच म्हणतों. ऋतूचें नांव आलें कीं मात्र अजून क्षणभर थांबतों, खिडकींतून बाहेर पाहतों, आणि मग पुढें जातों.