तोफेच्या चाकावरचा पेला

मर्ढेकरांचा लयसिद्धांत शिकवताना संवादलय आणि विरोधलय यांची उदाहरणे चटकन सापडतात. समतोललयीपाशी मात्र आमची दरवर्षी अडचण होते. म्हणून एके वर्षी आम्ही एम.ए.च्या वर्गात एक तोफ आणली, अर्थात शब्दांतून. आम्ही पडलो मराठीचे अध्यापक. यंत्रांशी आमचा संबंध स्कूटरच्या प्लगपलीकडे जात नाही. तरीही फ्रान्सच्या ७५ मिलिमीटर मैदानी तोफेविषयी आम्ही त्या सुमारास अधाशासारखे वाचले होते.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत तोफ डागली की ती गाड्यासकट मागे उसळे. ती ढकलून जागेवर आणायची, पुन्हा नेम धरायचा, मग दुसरा गोळा. मिनिटाला एखाद-दोन गोळे सुटले तरी पुष्कळ. पॅरिसलगतच्या प्युतो येथील शस्त्रशाळेत कर्नल देपोर यांनी, आणि ते सैन्य सोडून गेल्यावर सेंत-क्लेर देव्हिल व रिमायो या अधिकाऱ्यांनी यावर तोडगा सिद्धीस नेला. नळी गाड्यावर सरकती ठेवायची. डागताच ती सुमारे सव्वा मीटर मागे जाते. तिला जोडलेला दट्ट्या तेल ढकलतो, तेल बंद नळकांड्यातली हवा दाबते आणि दबलेली हवा नळीला अलगद पूर्वस्थळी आणून ठेवते. पहिल्या गोळ्याने मागचा फाळ जमिनीत रुतला की गाडा हलत नाही, नेम ढळत नाही. मिनिटाला पंधरा गोळे! चाकावर पाण्याने भरलेला पेला ठेवला तरी थेंब सांडत नसे, असे सांगतात. धक्का नाकारायचा नाही, त्याला वाट द्यायची आणि त्याच्याच बळावर मूळ जागी यायचे: समतोलाचे याहून चोख उदाहरण कोणते?

वर्ग जागा झालेला पाहून आम्ही आणखी रंगलो. ही तोफ १८९८ साली फ्रेंच सैन्याने स्वीकारली. झोलाचे द्रेफ्यूच्या बाजूचे प्रसिद्ध पत्र त्याच वर्षीच्या जानेवारीतले. ज्या चिठ्ठीवरून द्रेफ्यूला देशद्रोही ठरवले, तिच्यात पहिलाच उल्लेख १२० मिलिमीटर तोफेच्या धक्काशोषक यंत्रणेचा होता. ७५ चे गुपित झाकण्यासाठीच ते सारे कुभांड रचले, असे एका इतिहासकाराने मांडले आहे. सर्वांना ते मान्य नाही, आम्हालाही फार ताणलेले वाटते. चित्रकार फेर्नां लेजे याने मात्र पुढे स्वतःच सांगितले, की युद्धात ७५ च्या मागच्या उघड्या भागावर पडलेले ऊन पाहून तो दिपून गेला आणि आधीची अमूर्त चित्रकला विसरला.

इथे मागच्या बाकावरची एक विद्यार्थिनी उभी राहिली. वडील तोफखान्यातून निवृत्त झालेले. त्यांना डाव्या कानाने ऐकू येत नाही, हे आम्हाला नंतर कळले.

“सर, पेला सांडला नाही हे समजलं. पण गोळा कुठे पडला?”

आम्ही तास संपल्याचे कारण पुढे केले. खरे म्हणजे सहा मिनिटे उरली होती.

त्या रात्री आम्ही त्याच पुस्तकांचा उरलेला अर्धा भाग वाचला. ऑगस्ट १९१४ मध्ये फ्रान्सपाशी अशा सुमारे ४,००० तोफा होत्या. सप्टेंबरात मार्नच्या लढाईत उघड्या शेतांतून चालून येणाऱ्या जर्मन पलटणींवर त्यांनी शिशाच्या गोळ्यांनी भरलेले, हवेत फुटणारे तोफगोळे डागले. पलटणी जागच्या जागी आडव्या झाल्या. मग त्याच वेगाने तोफेला उपाशी ठेवले: दर तोफेमागे साठा सुमारे १,३०० गोळ्यांचा, म्हणजे पूर्ण वेगाने दीड तासाचाही नव्हे. घाईने बनवलेले गोळे नळीतच फुटू लागले आणि डागणारेच मेले. शत्रू खंदकात उतरल्यावर तर हिचा सपाट मारा त्याच्या डोक्यावरून जाऊ लागला. आणि हिच्यावरच्या भरवशापायी अवजड तोफांकडे सेनापतींचे दुर्लक्ष झालेले. तरीही फेब्रुवारी १९१५ मध्ये देशभर ‘७५ चा दिवस’ साजरा झाला, लोकांनी तिची पदके विकत घेऊन छातीवर लावली.

इतके सारे आम्ही आधीही चाळले असणारच. वर्गात नेताना ते आपोआप गळून पडले, याची लाज वाटली. मर्ढेकरांना दोष देण्यात अर्थ नव्हता. सिद्धांत त्यांचा असला तरी पेला आम्ही उचलला होता.

पुढच्या तासाला आम्ही आपोलिनेर घेऊन गेलो. डिसेंबर १९१४ मध्ये हा कवी आपण होऊन तोफखान्यात भरती झाला, ७५ च्या तुकडीत राहिला आणि आघाडीवरूनच प्रेमाच्या कविता लिहीत राहिला. नंतर तो पायदळात गेला. मार्च १९१६ मध्ये खंदकात मासिक वाचत असताना तोफगोळ्याची कपची त्याच्या कानशिलात घुसली. कवितांआधी आम्ही त्याचे डोक्याला पट्टी बांधलेले छायाचित्र वर्गात फिरवले. मागच्या बाकापर्यंत जाऊन ते परत यायला बराच वेळ लागला.