शुभेच्छापत्राची मागची बाजू

नाताळच्या शुभेच्छापत्रावर दान छापलेले असते ते मागच्या बाजूला. पुढे चांदणी, मेंढपाळ, घंटा, बर्फाने मढलेले छप्पर. मागे तळाशी बारीक टाइपात संस्थेचे नाव, चित्रकाराचे नाव आणि विक्रीचा पैसा कशासाठी खर्च होणार ते सांगणारी एक ओळ. घेणारा ही ओळ दुकानात उभ्या उभ्या वाचतो, पाठवणारा तिच्यामुळे जरा बरा दिसतो आणि ज्याला कार्ड मिळते तो बहुधा ते उलटून पाहतच नाही. तरीही या एका ओळीने कित्येक दशके दवाखाने चालवले, मुलांना शाळेत बसवले.

पहिल्या छापील नाताळ कार्डावर मात्र दान पुढच्याच बाजूला होते. १८४३ साली लंडनमध्ये हेन्री कोल यांनी जॉन कॅलकॉट हॉर्स्ली या चित्रकाराकडून ते काढून घेतले. मधल्या चौकटीत टेबलाभोवती जमलेले, पेले उंचावलेले कुटुंब. दोन्ही कडांना भुकेल्याला अन्न आणि उघड्याला वस्त्र देणारी माणसे. त्याच वर्षी डिसेंबरात डिकन्सचे ‘अ ख्रिसमस कॅरल’ प्रसिद्ध झाले, म्हणजे श्रीमंताने नाताळात हात सैल सोडावा ही गोष्ट तेव्हा हवेतच होती. पण गाजली ती मधली चौकट. तिच्यात एका लहान मुलाच्याही ओठांना वाइन लागलेली दिसत होती आणि दारूविरोधी मंडळी त्यावर चिडली. कार्डाची किंमत होती एक शिलिंग. कडेच्या चौकटींतल्या माणसांना ती परवडणारी नव्हती. या कार्डात दानाचे चित्र होते, दानाचा पैसा नव्हता.

पैसा आला तो टपालखात्यातल्या एका कारकुनाच्या डोक्यातून. डेन्मार्कच्या आयनार होल्बोल यांनी नाताळात येणारे पत्रांचे ढीग पाहून विचार केला, की प्रत्येक पाकिटावर तिकिटाशेजारी आणखी एक छोटे तिकीट चिकटवले तर? १९०४ साली राणी लुईसेचे चित्र असलेले असे पहिले नाताळ-तिकीट निघाले. ते टपालाला चालत नसे; त्याचा पैसा क्षयरोगी मुलांच्या रुग्णालयासाठी होता. १९०७ साली अमेरिकेत एमिली बिसेल यांनी तीच युक्ती उचलली. डेलावेअरमधले एक छोटे क्षयरुग्णालय बंद पडू नये म्हणून त्यांना तीनशे डॉलर हवे होते; एकेका सेंटाच्या तिकिटांतून तीन हजार जमले. भारतात क्षयरोग संघटनेने १९५० पासून असेच ‘टीबी सील’ काढले, पण त्याचा मुहूर्त नाताळाऐवजी गांधीजयंतीचा धरला. शाळेत वर्गशिक्षकांनी वाटलेली ही तिकिटे घरी आणून वडिलांकडे सुटे पैसे मागण्याचा प्रसंग महाराष्ट्रातल्या पुष्कळ मुलांनी अनुभवला आहे. त्यातले तिकीट पाकिटावर किती वेळा चिकटले आणि वहीच्या पुठ्ठ्यावर किती वेळा, हा प्रश्न वेगळा.

तिकिटाकडून कार्डाकडे वळण्याचे श्रेय एका सात वर्षांच्या मुलीला दिले जाते. दुसऱ्या महायुद्धानंतर युनिसेफने चेकोस्लोव्हाकियातल्या एका खेड्याला मदत केली. तिथल्या यित्का साम्कोव्हा या मुलीने आभार म्हणून फेर धरून नाचणाऱ्या मुलांचे चित्र काढले. कागद मिळेना म्हणून काचेवर काढले. १९४९ साली ते युनिसेफचे पहिले कार्ड झाले. मदत घेणाऱ्याच्या हातची वस्तू मदत गोळा करायला निघावी, हा उलटा प्रवास पुढे अनेक संस्थांनी गिरवला.

भारतातला सर्वांत ओळखीचा धागा मुंबईचा. १९७९ साली विमानसेवेत पर्सर असलेल्या रिपन कपूर यांनी सहा मित्रांसह, पन्नास रुपयांच्या भांडवलावर, ‘चाइल्ड रिलीफ अँड यू’ म्हणजे ‘क्राय’ सुरू केली. संस्थेने पैसा उभा करण्यासाठी शुभेच्छापत्रे निवडली आणि पुढची वीसेक वर्षे मध्यमवर्गीय घरांत ‘क्रायची कार्डे’ हा शब्द रुळला. यामागे व्यवहाराची चांगली जाण होती. इथे नाताळ साजरा करणाऱ्यांपेक्षा दिवाळीची आणि नव्या वर्षाची पत्रे पाठवणारे कितीतरी जास्त. त्यामुळे येशूजन्माच्या देखाव्याऐवजी पणती, पक्षी, लोककलेतली नक्षी आणि आत नुसत्याच शुभेच्छा असे कार्ड काढले, की तेच पाकीट ऑक्टोबरात दिवाळीला, डिसेंबरात नाताळाला आणि जानेवारीत उशिरा आठवण झालेल्या मामांनाही चालते. बँकांत, विमा कार्यालयांत नमुन्यांचा अल्बम टेबलावरून टेबलावर फिरायचा. कार्डांचे क्रमांक लिहून मागणी नोंदवली जायची आणि दहा-दहाच्या पुड्या पगाराच्या दिवशी हातात पडायच्या. पाकिटाची जीभ न चिकटवता नुसती आत खोचायची आणि कोपऱ्यात ‘बुक पोस्ट’ लिहायचे, म्हणजे तिकीट कमी लागे. दान करणाऱ्या घराने टपालाचे पैसे वाचवण्यात कसूर केली नाही.

या पद्धतीचे बळ नेमके इथे आहे. जी वस्तू एरवीही घ्यायचीच, ती इथून घ्या, एवढीच संस्थेची मागणी. हात पसरावा लागत नाही, नकार ऐकावा लागत नाही. दुबळेपणाही इथेच. वीस रुपयांच्या कार्डातून कागद, छपाई, पाकीट, वाहतूक आणि दुकानदाराचा वाटा वजा झाला, की संस्थेच्या पदरात जे पडते ते अनेकदा घेणाऱ्याच्या कल्पनेपेक्षा फार कमी असते. ब्रिटनमध्ये मोठ्या दुकानांनी संस्थांची नावे छापून विकलेल्या कार्डांतून प्रत्यक्षात किमतीचे मोजकेच टक्के संस्थेला मिळतात, यावरून वेळोवेळी टीका झाली आहे. मागच्या ओळीत ‘विक्रीतील काही भाग’ असे मोघम लिहिले असेल तर तो भाग लहान आहे असे खुशाल समजावे.

दुसऱ्या जातीच्या कार्डांना हा हिशेब लागू पडत नाही. तिथे छपाईचा खर्च म्हणून जे वजा होते, तेच संस्थेचे काम असते. बाबा आमटे यांनी वरोऱ्याजवळ वसवलेल्या आनंदवनात हातमाग, चर्मकला, सुतारकाम यांच्या जोडीला शुभेच्छापत्रांचाही विभाग उभा राहिला. कुष्ठरोगातून बरे झालेल्या आणि अपंग माणसांचे हात तिथे कात्री, डिंक आणि रंगांवर चालले. अशा कार्डाची मजुरी हीच देणगी. तोंडात किंवा पायाच्या बोटांत कुंचला धरून चित्रे काढणाऱ्या कलावंतांची संघटना एरिश श्टेगमान यांनी १९५६ साली उभी केली; तिची भारतातली शाखा मुंबईहून कार्डे आणि कॅलेंडरे घरोघर टपालाने पाठवते. आपण धर्मादाय संस्था नाही, हे ही संघटना आवर्जून सांगते. चित्रे विकून जगणारी ती माणसे आहेत, आणि पूर्ण सभासद झालेल्या कलावंताला पुढे चित्रे काढता येईनाशी झाली तरी त्याचे मानधन चालू राहते.

हातकागदाचे कार्ड बोटांनीही ओळखू येते. पुण्याच्या हातकागद संस्थेत १९४० पासून असा कागद होतो. होजिअरीच्या कारखान्यांतून आलेल्या सुती चिंध्या निवडून, बटणे-शिलाई काढून कापतात, पाण्यात कुटून त्यांचा लगदा करतात. लगद्याच्या हौदात जाळीची चौकट बुडवून आडवी उचलली, की पाणी गळते आणि जाळीवर एक ओला थर उरतो. तो कापडावर उलटायचा, असे थर रचून दाबयंत्राखाली पिळायचे, वाळवायचे आणि रुळांतून काढून सपाट करायचे. लगद्यात झेंडूच्या पाकळ्या, गवताची पाती, कधी तुळशीचे बी सोडले जाते. अशा कागदाची कड सरळ नसते. डिसेंबरात विकायचे कार्ड हवे असेल तर हे सारे पावसाळ्यात सुरू व्हावे लागते. एरवी कामाचा तुटवडा असतो तेव्हा, आषाढ-श्रावणात, या माणसांना नाताळाची मजुरी मिळते.

मग आधी एसएमएस आला, पाठोपाठ व्हॉट्सअ‍ॅप. फुकटच्या शुभेच्छेला मागची बाजूच नसते. क्रायसारख्या संस्थांनी थेट मासिक देणगीकडे मोर्चा वळवला. कार्डे उरली ती कंपन्यांच्या नावाने गिऱ्हाइकांना जाणारी. व्यक्तीच्या हातातून गेलेले हंगामी दान कचेरीच्या दारात कसे उभे राहिले, हे पाहायला महादेवपुऱ्याइतकी सोयीची जागा दुसरी नाही.

बंगळुरूच्या पूर्वेचा हा भाग २००७ साली महानगरपालिकेत आला. त्याच्याच परिसरातले व्हाइटफील्ड मात्र १८८२ साली अँग्लो-इंडियन कुटुंबांसाठी, म्हैसूरच्या महाराजांनी दिलेल्या जमिनीवर वसले; तिथले मेमोरियल चर्च १८८६ चे. म्हणजे इथला नाताळ फिनिक्स मार्केटसिटी मॉलमधल्या उंच झाडापेक्षा सव्वाशे वर्षांनी जुना. तरीही आज या भागात डिसेंबर साजरा होतो तो चर्चच्या घंटेपेक्षा अमेरिकेतल्या गिऱ्हाइकाच्या सुट्टीमुळे. तिकडची माणसे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात रजेवर गेली, की इथे ‘कोड फ्रीझ’ लागतो. नवे काही बसवायचे नाही, फक्त चालू आहे ते सांभाळायचे. बाह्यवळण रस्त्यावरच्या आणि आयटीपीएल या टेक पार्कमधल्या इमारतींत वर्षातून एकदाच अशी सैल दुपार येते. कोल्हापूर-पुण्याच्या रात्रीच्या बसची तिकिटे काढून झालेली असतात, कपाटातला स्वेटर बाहेर आलेला असतो आणि तळमजल्यावर झाड उभे असते.

या झाडावर चिठ्ठ्या लटकतात. चिठ्ठीवर एखाद्या वसतिगृहातल्या मुलाचे पहिले नाव, वय, बुटाचा नंबर आणि एक इच्छा असते: रंगपेटी, क्रिकेटची बॅट, पाण्याची बाटली. नोकरदाराने चिठ्ठी तोडायची, वस्तू आणून झाडाखाली ठेवायची. ही चाल व्हर्जिनियातल्या लिंचबर्गची. सॅल्व्हेशन आर्मीच्या व्हाइट दांपत्याने १९७९ साली, म्हणजे क्राय सुरू झाली त्याच वर्षी, ती पाडली. अनुभवी संस्था चिठ्ठीवर आडनाव आणि फोटो देत नाहीत, किमतीची मर्यादा घालतात आणि वस्तू वेष्टनाशिवाय मागतात. एकाला सायकल आणि शेजारच्या पलंगावरच्याला खोडरबर असे झाले तर त्या वसतिगृहाची संध्याकाळ रडारडीत जाते, हे त्यांना ठाऊक असते. झाडाशेजारीच टेबल मांडलेले असते: कापडी पिशव्या, विणलेली अस्वले, मनुका घातलेला केक, हातकागदाची थोडी कार्डे आणि पैसे देण्यासाठी क्यूआर. ओळखपत्र गळ्यात अडकवलेली माणसे जेवणानंतर तिथे दोन मिनिटे रेंगाळतात. केक आधी संपतो.

दानाला हंगाम असणे ही परदेशी गोष्ट नाही. पीक खळ्यावर आले की बलुतेदाराचा आणि दारी येणाऱ्या वासुदेवाचा वाटा बाजूला निघे. संक्रांतीला वाण लुटले जाते, अधिक महिन्यात जावयाला अनारसे, रमजानात ईदच्या नमाजाआधी फित्रा. गोव्यात नाताळाला शेजाऱ्यांच्या घरी गोडधोडाचे ताट जाते. हाती असते तेव्हा द्यावे, हे शहाणपणच. गीतेचा १७ वा अध्याय दानाचे सात्त्विक, राजस, तामस असे भेद करताना जागा, वेळ आणि पात्रता तिन्ही पाहतो. महादेवपुऱ्यातल्या दानाचे पात्र चुकत नाही. वेळ मात्र देणाऱ्याच्या सोयीची असते. अपंग मुलांच्या निवासी शाळेला फिजिओथेरपिस्टचा पगार दर महिन्याला द्यावा लागतो आणि तांदूळ जूनमध्येही लागतो. डिसेंबरच्या थंडीत पत्र्याच्या खोल्यांत राहणाऱ्या बांधकाम मजुरांना ब्लँकेट हवे असते हे खरे, पण एकाच वस्तीत तीन कंपन्यांची पथके पोचली तर तिसरे ब्लँकेट बाजारात जाते. जुन्या कपड्यांच्या खोक्यांत तर देण्याइतकीच घर रिकामे करण्याची हौस असते. १९९९ साली सुरू झालेल्या ‘गूँज’ या संस्थेने याला उत्तर शोधले. गावकऱ्यांनी विहीर खणायची, रस्ता दुरुस्त करायचा आणि मोबदल्यात कपडे घ्यायचे. आनंदवनाच्या कार्डासारखेच इथेही काम मध्ये आले.

महादेवपुऱ्यातच या हंगामी दानाच्या दुसऱ्या टोकाची रीत उभी आहे. २००१ पासून चालणाऱ्या श्री सत्य साई रुग्णालयात हृदयाची आणि मेंदूची शस्त्रक्रिया होते आणि रुग्णाकडून पैसे घेतले जात नाहीत. मेट्रोचे स्थानकही आता त्याच नावाचे आहे. तिथे रांग बाराही महिने असते.

देशभर हंगाम पसरवण्याचा प्रयत्न २००९ पासून झाला. ‘जॉय ऑफ गिव्हिंग वीक’, आताचा ‘दान उत्सव’, २ ते ८ ऑक्टोबर या आठवड्यात होतो. टीबी सीलचाच मुहूर्त. खरा मोठा हंगाम मात्र मार्चचा. कंपनी कायद्याच्या १३५ व्या कलमाने २०१४ पासून मोठ्या कंपन्यांना तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात आणि ३१ मार्च जवळ आला की उरलेल्या रकमेची आठवण होते. एखाद-दुसरा कार्यक्रम, मॅरेथॉन किंवा पुरस्कार सोहळा यांचा खर्च या हिशेबात धरत नाहीत, हे सरकारने २०१४ सालीच स्पष्ट केले. आयकरातली देणगीवरची ‘८०जी’ची सवलत वस्तूंना मिळत नाही, दोन हजारांपुढच्या रोख रकमेलाही नाही, आणि नवी करप्रणाली घेणाऱ्याला तर मुळीच नाही. झाडाखाली ठेवलेली रंगपेटी आणि टेबलावरून घेतलेले कार्ड कायद्याच्या लेखी साधी खरेदी. कार्डे करणाऱ्या संस्थांची कंपन्यांना विनंती असते ती यामुळेच वेगळी: मागणी जूनमध्ये नोंदवावी, निम्मी रक्कम आगाऊ द्यावी आणि लोगो केवढा हवा ते छपाईआधी कळवावे.