पत्र्याचा उलगडा

पत्र्याची कोठी करायला बसलो की मी आधी ती मनात मोडतो. 2 फूट व्यास, 3 फूट उंची. उभी चिरली की अंग सरळ आडवं पडतं: 3 फूट रुंद, सव्वासहा फुटांहून जरा लांब पट्टा. घडीसाठी वर थोडा पत्रा. शाळेत वृत्तचितीचं वक्रपृष्ठफळ 2πrh पाठ केलं होतं. ते म्हणजे हाच पट्टा, हे आप्पांच्या दुकानात कळलं.

टोपणानं मात्र दमवलं. शंकूचं टोपण, चढ 9 इंच. पंधराव्या वर्षी मी कोठीची त्रिज्या 12 इंच म्हणून तेवढ्याच त्रिज्येची चकती कापली. तोंडावर ठेवली, चपखल बसली. आप्पांनी एवढंच विचारलं, "आता फाक काढलीस की तोंडाला पुरंल का?" मी गप्प. "माप उतारावरनं घे रं, जमिनीवरनं नको."

12 आणि 9 चा उतार 15. पंधरा इंच त्रिज्येच्या चकतीतून 72 अंशांची फाक काढली, कडा जुळवल्या, टोपण कोठीवर नेमकं बसलं. तिरकस उंची तेव्हापासून माझ्या हाताला कळते. पहिली चकती आप्पांनी खिळ्याला अडकवली, ती तिथंच राहिली.

गोळा असा उलगडत नाही. कुठूनही चिरा, सपाट करायला गेलं की फाटतो. देवळासाठी फूटभर व्यासाचा पोकळ गोळा करायचा होता, तेव्हा मला भास्कराचार्य आठवले. 1150 च्या 'लीलावती'त ते गोलाचं पृष्ठफळ चेंडूवरच्या जाळ्यासारखं बघतात आणि मधल्या वर्तुळाच्या चौपट सांगतात. दुसरीकडे ते गोलाच्या उभ्या फोडी करतात, आवळ्यावर दिसतात तशा. पत्र्याचं काम करणाऱ्याला याहून जवळचं गणित कुठं मिळणार!

मीही 12 पाकळ्या आखल्या. लांबी जवळपास 19 इंच, पोटाशी रुंदी सव्वातीनला जरा कमी, टोकं निमुळती. घडी ठेवली नाही, कडेला कड जोडायची होती. वाकवण्याआधी सगळ्या तराजूच्या एका पारड्यात ठेवल्या, दुसऱ्यात आप्पांची ती जुनी चकती. पत्रा दोन्हीकडे एकाच जाडीचा.

काटा मधोमध थांबला. गोळ्याचा व्यास 12, चकतीची त्रिज्या 12. दोन्हीकडे 452 चौरस इंच.

मी चकती परत खिळ्याला लावली आणि पहिली पाकळी वाकवायला घेतली.