पैठणच्या दिंडीतील सामानाची बांधणी

ज्येष्ठ वद्य सप्तमीला संत एकनाथांची पालखी पैठणहून निघते आणि अहिल्यानगर, बीड, धाराशिव व सोलापूर या जिल्ह्यांतून चालत आषाढी एकादशीला पंढरपुरात असते. म्हणजे सुमारे अडीच आठवडे वारकऱ्याचे सारे घर त्याने बांधलेल्या सामानात असते. छत्रपती संभाजीनगरापासून पैठण सुमारे 50 किलोमीटरवर असल्याने शहरातील अनेक नोकरदार व निवृत्त माणसे या वारीत सामील होतात. एरवी रेल्वेने जाताना त्यांना शयनयान वर्गात 40 किलोपर्यंत सामान विनाशुल्क नेता येते आणि त्या हिशेबाने सामान भरण्याचा त्यांना सराव असतो, परंतु दिंडीत तो सराव फारसा उपयोगी पडत नाही.

याचे कारण वजनापेक्षा वेळेत आहे. दिंडीचे सामान ट्रकमधून जाते आणि माणसे पायी जातात, त्यामुळे पहाटे ट्रकमध्ये चढवलेली वस्तू संध्याकाळच्या मुक्कामापर्यंत हाती लागत नाही. प्रस्तुत लेखकाला या वाटेवर जाणवलेली मुख्य गोष्ट हीच की, अनुभवी वारकरी वस्तू किती जागा व्यापते याआधी ती दिवसाच्या कोणत्या प्रहरी लागेल हे ठरवतो आणि त्यानुसार सामानाचे अंगावरचे, खांद्यावरचे, ट्रकमधले आणि सामाईक असे भाग पाडतो. यांतील सामाईक भाग नवख्याच्या लक्षात येत नाही. वारकऱ्याने दिंडीकडे भिशी भरलेली असते, म्हणजे जेवणखाण, राहुटी आणि सामानाची वाहतूक यांसाठी ठरलेली रक्कम दिलेली असते. तेव्हा पातेली, पाणी, छप्पर आणि कंदिलाच्या जागी आलेला जनरेटर या साऱ्यांची तजवीज दिंडी करते. तरीही शहरातून आलेल्यांच्या गोणीत स्टोव्हपासून घडीच्या खुर्चीपर्यंत बरेच काही निघते, आणि राहुटीत पाय पसरायला जागा उरत नाही तेव्हा शेजारी त्यावर बोलल्यावाचून राहत नाहीत.

ट्रकमध्ये जाणारा मुख्य ऐवज म्हणजे वळकटी, अर्थात गुंडाळून बांधलेले अंथरूण. तिची रचना पाहण्यासारखी असते. खाली सतरंजी, तिच्यावर चादर किंवा घोंगडी, आणि त्यावर कपड्यांचे जोड चालण्याच्या दिवसांच्या क्रमाने आडवे मांडलेले असतात; मग सगळे एका टोकाकडून घट्ट गुंडाळत नेले की आतली हवा निघून जाते, कपड्यांना घड्यांच्या रेषा पडत नाहीत आणि शेवटी लागणारा जोड आपोआप गाभ्यात जातो. घडी घालून भरलेल्या बॅगेत तळाचा सदरा काढण्यासाठी वरचे सारे उपसावे लागते, तो त्रास येथे वाचतो. बांधताना सुतळीची सुरगाठ मारतात, म्हणजे टोक ओढताच सुटणारी गाठ, कारण पहाटे तीनच्या अंधारात निरगाठ सोडवत बसायला कोणालाही सवड नसते. ही वळकटी खताच्या रिकाम्या, धुतलेल्या प्लास्टिकच्या गोणीत घालतात आणि गोणीवर रंगाने नाव, गाव व दिंडीचा क्रमांक लिहितात. शेकडो पांढऱ्या गोण्यांच्या ढिगात हेच अक्षर उपयोगी पडते. महागड्या प्रवासी बॅगेला असलेली चाके काळ्या मातीच्या चिखलात भरून बसतात, त्यामुळे या कामी गोणीच अधिक शहाणपणाची म्हणावी लागते.

खांद्यावरच्या पडशीत, म्हणजे मागे-पुढे दोन कप्पे असलेल्या झोळीत, दिवसभराचा ऐवज असतो: हरिपाठाची पोथी, पाण्याची बाटली, पावसाचा कागद, दशम्या व शेंगदाण्याची चटणी. दशमीचे पीठ दुधात मळलेले असल्याने ती भाकरीपेक्षा अधिक काळ मऊ राहते. पडशीचे वजन दोन्ही बाजूंना सारखे विभागले जाते, उलट एका खांद्याची शबनम दुपारपर्यंत मान धरते. डोक्यावर तुळशीवृंदावन घेणाऱ्या स्त्रियांना एक हात वर ठेवावा लागतो आणि खांद्यावरची पिशवी घसरते, म्हणून त्या पैसे कनवटीला, म्हणजे कमरेच्या निऱ्यांच्या खोचणीत, ठेवतात. पूर्वी पानतंबाखूसाठी असणारी चंची, ही अनेक खणांची गुंडाळता येणारी कापडी पिशवी, आता रक्तदाब व मधुमेहाच्या गोळ्यांसाठी वापरलेली दिसते; सकाळ, दुपार व रात्र यांसाठी तिचे खण जणू आधीच शिवलेले असतात.

ट्रक भरणे ही स्वतंत्र विद्या आहे. जे आधी उतरवायचे ते शेवटी चढवायचे हा तिचा नियम असून, राहुट्यांचे बांबू, कनाती व मेखा गोण्यांच्या वर किंवा मागच्या फळीशी ठेवतात. स्वयंपाकाची गाडी तर पुष्कळदा पहाटेच पुढे निघते, म्हणजे माणसे पोहोचेपर्यंत चूल पेटलेली असते. या युक्तीला जुना इतिहास आहे. ज्या औरंगजेब बादशहाच्या नावाने छत्रपती संभाजीनगर तीन शतकांहून अधिक काळ ओळखले गेले, त्याच्या 1664 च्या अखेरीस सुरू झालेल्या दिल्ली-लाहोर-काश्मीर प्रवासाचे वर्णन फ्रेंच वैद्य फ्रान्स्वा बर्निए याने केले आहे. त्यानुसार तंबूंचे दोन पूर्ण संच असत आणि एकात मुक्काम चालू असताना दुसरा, पेशखाना, पुढच्या तळावर उभारला जाई. अशा एका संचासाठी 60 हून अधिक हत्ती, 200 उंट, 100 खेचरे आणि 100 हमाल लागत. दिंडीला दुसऱ्या संचाची चैन परवडत नाही, म्हणून तिचा सारा भर उतरवण्याच्या क्रमावर असतो.

पाऊस आला की या व्यवस्थेची खरी कसोटी लागते. नऊवारी सुती लुगडे ओले झाले तर मुक्कामात वाळत नाही आणि तसेच वळकटीत गेले तर आतले कोरडे जोडही भिजतात व कुबट होतात. म्हणून ओल्या कपड्यांसाठी वेगळी प्लास्टिकची पिशवी हवीच, आणि दुपारच्या विसाव्याला ऊन पडताच कुंपणावर लुगडी पसरली जातात.

परतीचा विचार मात्र बांधताना क्वचितच केला जातो. एकादशीनंतर पुष्कळ वारकरी एसटीच्या जादा गाड्यांनी लगोलग घराकडे निघतात, तेव्हा अडीच आठवडे ट्रकने वाहिलेली गोणी एकाएकी ज्याच्या त्याच्या डोक्यावर येते आणि तिच्यात चुरमुरे, बुक्का, कुंकू व नातवंडांसाठी घेतलेल्या टाळांची भर पडलेली असते. एसटीच्या टपावर सामान टाकण्याची सोय आता जवळपास नाहीशी झाल्याने ती गोणी आसनाखाली बसेल एवढीच असावी लागते. जाणती माणसे म्हणूनच वळकटी बांधताना तिची जाडी वितीने मोजतात, तर काही दिंड्या गोण्या ट्रकनेच परत पाठवतात आणि वारकऱ्याला आपली गोणी पुढे पैठणला जाऊन सोडवून आणावी लागते.