पुन्हा एकदा खेळवा

मुलांनो, तुम्ही शतरंज खेळता का? मराठीत आम्ही त्याला बुद्धिबळ म्हणतो. नाव वेगळे असले तरी वजीर, प्यादे, शह आणि मात हे शब्द तुमचे-आमचे एकच आहेत. या खेळाने मला माझ्याच विद्यार्थ्यांसमोर कसे निरुत्तर केले, ते आज तुम्हांला सांगतो.

गडचिरोली जिल्ह्याच्या एटापल्ली तालुक्यात सूरजागड नावाचा डोंगर आहे. त्याच्या पोटात लोखंडाचे खनिज आहे. ते वाहून नेणाऱ्या ट्रकांच्या धुळीने उन्हाळ्यात रस्त्याकडेची झाडेसुद्धा तांबडी दिसतात. त्या भागातील एका शाळेत मी शिकवत होतो. जुलै २०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने महिलांचा विश्वचषक जिंकला आणि आमच्या मुलांनाही बुद्धिबळाचे वेड लागले.

शाळेत एक नवा संगणक होता. माझा एक जुना लॅपटॉप होता. बुद्धिबळ खेळणारे दोन प्रोग्रॅम आम्हांला फुकट मिळाले होते. त्यांतला बलवान कोणता? मी म्हणालो, "दोघांना लढवू या!" एक संगणकात बसवला, दुसरा लॅपटॉपमध्ये. एकाची खेळी पाहायची आणि दुसऱ्याला सांगायची, असे पाच डाव झाले. संगणकातल्या प्रोग्रॅमने चार जिंकले. मी फळ्यावर निकाल लिहून मोकळा झालो.

आठवीतली एक मुलगी उठली. "सर, यंत्रे बदलून पुन्हा एकदा खेळवा ना."

बदलली. आणि काय आश्चर्य! आता दुसरा प्रोग्रॅम जिंकू लागला. वेगवान यंत्र तेवढ्याच वेळात कितीतरी जास्त खेळ्या तपासते. म्हणजे आम्ही परीक्षा घेतली ती यंत्रांची! त्यात पावसाळ्याचे दिवस. वीज गेली की लॅपटॉप बॅटरीवर चाले आणि आणखी मंद होई.

मग आम्ही दोघांना एकाच संगणकात बसवले. एकाचा विचार चालू असताना दुसऱ्याने गप्प राहायचे. वेळ दोघांना सारखी. पांढऱ्या मोहऱ्यांना पहिल्या चालीचा फायदा असतो, म्हणून प्रत्येक डाव रंग बदलून दोनदा. तरी एक घोटाळा झालाच. यंत्रे तोच तो डाव पुन्हा खेळू लागली! तेव्हा मुलांनी सुरुवातीच्या चार-पाच खेळ्या स्वतः ठरवून दिल्या, दर जोडीला निराळ्या.

पण डाव किती खेळवायचे? एक नाणे दहा वेळा उडवून पाहा. नाणे अगदी निर्दोष असले, तरी सात-तीन किंवा त्याहून एकतर्फी निकाल तीनांतून एकदा लागतो. मग पाच डावांवर माझा निकाल तो काय!

मोठमोठ्यांनाही हे प्रश्न सुटलेले नाहीत. डिसेंबर २०१७ मध्ये 'अल्फाझीरो' या प्रोग्रॅमने नामवंत 'स्टॉकफिश'ला शंभर डावांत हरवल्याचे जाहीर झाले. २८ विजय, ७२ बरोबरी, पराजय एकही नाही. तरी जाणकार विचारू लागले, दोघांची यंत्रे सारखी होती का? आपला वेळ हवा तसा वाटून घेऊ शकणाऱ्या स्टॉकफिशला दर खेळीला ठरावीक एकच मिनिट का? पुढे २०१८ मध्ये वेळेचा नियम बदलून केलेल्या हजार डावांचा निकाल आला. अल्फाझीरोचे १५५ विजय, ६ पराजय, बाकी बरोबरी. यंत्रांचा वाद मात्र तेव्हाही पुरता मिटला नाही.

हे सारे मी वर्गात मोठ्या रंगात येऊन सांगत होतो. तीच मुलगी पुन्हा उठली. या वेळी तिचा आवाज हळू होता.

"सर, स्पर्धेसाठी निवड करताना आमचा तर एकच डाव घेतला होता. काळी मोहरी माझ्याकडे होती."

वर्ग एकदम शांत झाला. तिच्याऐवजी निवडलेला मुलगा खाली बघू लागला. यादी कधीच पाठवून झाली होती. नाव बदलता येत नव्हते. मी तिला म्हणालो, "चूक माझी आहे, बाळ." याहून अधिक काही मला सुचले नाही.

रविवारी दोघांना मी शाळेत बोलावले. सहा डाव, प्रत्येकाला तीनदा पांढरी मोहरी. तो मुलगा माझ्याही आधी येऊन बसला होता. पट मांडून त्याने पांढरी मोहरी तिच्या बाजूला ठेवली होती.